केळवण घरीच होणार

देवनारमध्ये एखाद्या घरात लग्न ठरलं की आता पेढा हातात पडायच्या आधी प्रश्न येतो, "केळवण कुठे ठेवताय?" घरीच, असं उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा आवाज खाली येतो. "अच्छा, म्हणजे साधंच करताय." हा खाली आलेला आवाज मी गोवंडी स्टेशनबाहेरच्या भाजीबाजारात ऐकला आहे, सोसायटीच्या जिन्यात ऐकला आहे. ज्यांच्या आयांनी दोन खोल्यांत पन्नास-पन्नास पानं वाढली, त्या माझ्याच नातेवाइकांच्या तोंडूनही ऐकला आहे. मला त्याचा संताप येतो. माझ्या भाचीचं केळवण आम्ही घरी केलं आणि त्याआधी महिनाभर मला जे ऐकून घ्यावं लागलं, त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते आज देते.

आधी समोरच्यांची बाजू, त्यांच्याच शब्दांत. लग्न आयुष्यात एकदाच होतं, मग हात आखडता का घ्यायचा? आजकालच्या मुलींना ब्रायडल शॉवर हवा असतो. मैत्रिणींचे फोटो पाहून त्यांच्याही मनात येतं, ते मन मारायचं का? मुंबईतली घरं एवढीशी, माणसं बसवणार कुठे? घरच्या बायकांनी दिवसभर ओट्याशी राबायचं आणि संध्याकाळी दमलेल्या चेहऱ्याने फोटोला उभं राहायचं, हे कुठल्या काळातलं? सासरचे काय म्हणतील? आणि शेवटचं, जरा हळू आवाजात: थोडं कर्ज झालं तरी चालेल, पण मुलीला काही कमी पडलं असं कुणी म्हणायला नको.

यातलं एकही वाक्य दुष्ट माणसाचं नाही. सगळी मायेपोटी बोललेली आहेत. म्हणूनच ती कुणी खोडून काढत नाही आणि एकेक घर त्यांच्यापायी कर्जात जातं.

'आयुष्यात एकदाच' हे पहिलं घेऊ. साखरपुडा एकदाच, प्री-वेडिंग शूट एकदाच, केळवण एकदाच, मग मेंदी, संगीत, हळद, लग्न, रिसेप्शन. एकाच लग्नात हे एकच वाक्य आठ वेळा बोललं जातं आणि आठही वेळा त्याच एका माणसाच्या खिशाकडे बोट दाखवलं जातं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशनही एकदाच होतं. धाकट्याचा बारावीनंतरचा प्रवेशही एकदाच होतो. त्यासाठी पैसे राखून ठेवा, असं सांगायला हीच मंडळी कधी दारात आली आहेत का?

आता हिशेब. आम्हीही चौकशी केली होती, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. हॉलवाला पहिला प्रश्न विचारतो, ताटं किती? त्याची किमान ताटांची अट असते. समजा ती पन्नासची आहे आणि ताट नऊशे रुपयांचं आहे. पाहुणे अठ्ठावीस आले तरी पैसे पन्नासांचे, म्हणजे ४५ हजार. सजावट त्याच्याच माणसाकडून, ती पंधरा-वीस हजार. फोटो आणि रीलवाला वेगळा. 'ब्राइड टू बी' लिहिलेला पट्टा, फुग्यांची कमान, नावाची दिव्यांची पाटी, केक, वर जीएसटी. आकडा ८० हजारांच्या आसपास सहज पोचतो. हे ८० हजार वैयक्तिक कर्जातून उभे केले, दर १४ टक्के धरला आणि मुदत तीन वर्षांची धरली, तर दरमहा सुमारे २,७३४ रुपयांचा हप्ता बसतो आणि फेड ९८ हजारांच्या वर जाते. तीन तासांच्या संध्याकाळसाठी छत्तीस हप्ते. मुलीचं लग्न होऊन, कदाचित तिचं मूल चालायला लागून, तिच्या केळवणाचा शेवटचा हप्ता तिचे वडील भरत असतील. याला मुलीचे लाड म्हणायचं?

पण मला पैशापेक्षाही मोठी गोष्ट सांगायची आहे. केळवण ही मुळात आईवडिलांनी द्यायची मेजवानी नाहीच. लग्न ठरलं की आत्या बोलावते, मावशी बोलावते, मामा बोलावतो, शेजारच्या काकू बोलावतात, वडिलांचे ऑफिसातले जुने मित्र बोलावतात. काही भागांत याला गडगनेर म्हणतात, रीत तीच. ज्याचं घर जसं, तसं तो जेवू घालतो. एकाकडे श्रीखंड-पुरी, दुसऱ्याकडे पुरणपोळी, तिसऱ्याकडे कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. सीकेपी घरात वालाचं बिरडं आणि मटण. कुणी मुलीला साडी देतं, कुणी ब्लाउजपीस आणि नारळ घालून ओटी भरतं, कुणी पाकिटात शंभर रुपये घालतं आणि वर एक रुपया लावतं. दहा घरांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे थोडा थोडा खर्च उचलायचा आणि लग्नघराला त्या दहा दिवशी चूल पेटवावी लागू नये, अशी ही व्यवस्था होती. लग्नाच्या धांदलीत असलेल्या आईला त्यातून विश्रांती मिळायची. नियोजित वराला नात्यातली माणसं एकेक करून, त्यांच्या घरात, त्यांच्या वागण्याबोलण्यासकट कळायची.

हॉलमधल्या केळवणाने नेमकं हेच उलटं केलं. दहा घरांचं आमंत्रण एका संध्याकाळीत कोंबलं आणि दहा घरांचा खर्च मुलीच्या बापावर टाकला. ज्या आत्याने जेवू घालायचं ती आता पाहुणी म्हणून येते, भेटवस्तूची पिशवी टेबलावर ठेवते, फोटो काढते आणि बुफेच्या रांगेत उभी राहते. तिच्या हातचं काही भाचीच्या पोटात जात नाही. यजमानीण होण्याचा तिचा हक्क आपण तिच्याकडून काढून घेतला आणि त्याचं बिल तिच्या भावाला दिलं. ही प्रगती आहे, असं मला कुणी तरी पटवून द्यावं.

ब्रायडल शॉवरचं नाव सांगून जे हॉलचा आग्रह धरतात, त्यांनी त्या प्रथेकडेही नीट पाहिलेलं नाही. ही प्रथा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुजली. तिच्यामागे एक डच दंतकथा सांगितली जाते. एका मुलीने गरीब गिरणीवाल्याशी लग्न करायचं ठरवलं, बापाने हुंडा नाकारला, तेव्हा गावातल्या लोकांनी एकेक भांडं, एकेक वस्तू आणून तिचा संसार उभा करून दिला. कथा खरी असो नसो, प्रथेचा गाभा तोच राहिला: मैत्रिणींनी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि नव्या संसाराला लागणाऱ्या वस्तू द्यायच्या. तिथेही बोलावणारी मैत्रीण असते, मुलीचे वडील नव्हेत. म्हणजे आपलं केळवण आणि त्यांचा शॉवर या दोन्ही गोष्टी, पैशाची ओढाताण असलेल्या माणसांना जवळच्यांनी दिलेला हात आहेत. आपण दोन्हींची नावं घेतो आणि दोन्हींच्या विरुद्ध वागतो.

इथेच दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही सांगून टाकते. केक कापणं, खेळ खेळणं, मैत्रिणींनी मुलीला एकसारख्या रंगाच्या ओढण्या घालून घेरणं, हे सगळं परकं आहे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. मुलींना हसायचं आहे, हसू दे. माझ्या भाचीच्या मैत्रिणींनी आमच्या बाहेरच्या खोलीत तासभर जो गोंधळ घातला, त्याने केळवणाचं काहीही बिघडलं नाही. उखाण्यांइतकाच तोही शोभला.

आता तो आक्षेप, जो मला सगळ्यांत वजनदार वाटतो: बायकांच्या राबण्याचा. घरी केळवण म्हणजे पहाटेपासून कुकरच्या शिट्ट्या, आणि पंगती उठल्यावर गार झालेल्या भाताशी बसणारी आई. असं होत होतं आणि अजून अनेक घरांत होतं, हे मी नाकारत नाही. पण दोष घराचा की घरातल्या पुरुषांच्या बसून राहण्याचा? ज्यांना आपल्या आईच्या कष्टांचं एवढं वाईट वाटतं, त्यांनी ८० हजार रुपये मोजण्याआधी एकदा कोथिंबीर निवडून पाहिली आहे का? बाईचे कष्ट वाटून घेण्यापेक्षा ते विकत घेऊन दुसऱ्या बाईवर टाकणं आपल्याला सोपं वाटतं, कारण हॉलच्या मागच्या बाजूला पिंपभर ताटं घासणारी बाई आपल्या फोटोत येत नाही.

आमच्याकडे आम्ही दोन नियम केले आणि ते मी प्रत्येक घराला सुचवेन. पहिला: स्वयंपाक करणाऱ्या बायका पहिल्या पंगतीला बसतील आणि वाढायला पुरुष उभे राहतील. दुसरा: एका घरात सगळा स्वयंपाक होणार नाही. मसालेभात माझ्या मेहुण्यांनी केला, दीड किलो आंबेमोहोर, तोंडली घालून, आणि तो त्यांना उत्तम जमतो. बटाट्याची भाजी वरच्या मजल्यावरून आली, कोशिंबीर आणि मठ्ठा शेजारून. चक्का डेअरीतून आणला, अडीच किलो, आणि तो पुरणयंत्रातून काढायचं काम दोन पुतण्यांना दिलं. पंचवीस माणसांना श्रीखंड पोटभर पुरलं. पोळ्या आम्ही लाटल्याच नाहीत. शंभर पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून सांगितल्या.

पोळ्या विकत आणल्या म्हणून 'मग घरचं कसलं?' असं विचारणारेही भेटले. या मुंबईत गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या व्याजातून त्या बायका सुटाव्यात, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, म्हणून ते उभं राहिलं. आज गल्लोगल्ली दिसणारी पोळी-भाजी केंद्रं बायकांच्या याच हातावर चालतात. शंभर पोळ्यांचे पैसे अशा एखाद्या बाईला देणं आणि सजावटीच्या पॅकेजचे पैसे देणं यांत मला फरक दिसतो, आणि तो फरक केळवणात पाळायला हवा असं मला वाटतं. घरचं म्हणजे सगळं घरातल्या एकाच बाईने केलेलं, हा अर्थ कुणी ठरवला?

घरी केलं की जुनाट चालीरीती आपोआप येतात, असंही एक सुशिक्षित म्हणणं आहे. औक्षण फक्त सवाष्णीने करायचं, ओटी फक्त सवाष्णीने भरायची, विधवा बाईने मागे उभं राहायचं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्यानंतर राज्य सरकारने त्याच वाटेने जाण्याचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठराव चावडीवर होतो, पण तो खरा होतो कुणाच्या तरी घरातल्या पाटासमोर. भाचीचं पहिलं औक्षण तिच्या आत्याने केलं. या आत्याचे यजमान करोनात गेले. तिला निरांजन हातात घे, असं सांगायला आम्हाला कुणाची परवानगी लागली नाही. ज्यांना कुरकुरायचं होतं त्यांनी मनात कुरकुर केली. हॉलच्या पॅकेजमध्ये पट्टा मिळतो, मुकुट मिळतो; चाल बदलण्याची सोय कुठल्या पॅकेजमध्ये आहे? प्रथा मोडायची असेल तर ती जिथे जन्मली तिथेच मोडावी लागते, आणि ती जागा घर आहे.

जागेचा प्रश्न मी लवकर संपवते, कारण तो खरा प्रश्न नाही. देवनारमध्ये एका बाजूला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आणि नव्या उंच इमारती आहेत, एका बाजूला महापालिकेची वसाहत, गावठाण, आणि पलीकडे शिवाजीनगर, बैंगनवाडी. मोठ्या घरांतली माणसं हॉल घेतात आणि दहा बाय पंधराच्या खोलीतली माणसं कर्ज काढून हॉल घेतात, असं मला दिसतं. चाळीच्या खोल्या यापेक्षा मोठ्या होत्या का? तिथे दोन पंगती व्हायच्या, तिसरी गॅलरीत व्हायची. शेजारच्या खोलीचं दार उघडं असायचं आणि पाटही तिथूनच यायचे. आजही सोसायटीला गच्ची आहे, खाली सभेची खोली आहे. सतरंज्या मागून मिळतात, खुर्च्या गणपतीच्या मंडळाकडे असतात. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांना खुर्ची द्यावी. आणि पन्नास माणसं मावत नसतील तर पंचवीस बोलवावीत. उरलेल्या पंचविसांपैकी कुणी तरी आपल्या घरी वेगळं केळवण करावं. रीत तर तीच होती!

मुंबईच्या गावठाणांमधली ईस्ट इंडियन कुटुंबं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराच्या पाण्याचा विधी करतात. वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचं आणि गल्लीने मिळून खायचं-गायचं. ही उत्सवाची जागा कुणाला भाड्याने घ्यावी लागली नाही, गल्लीच पुरली. आपल्याला गल्ली पुरत नाही, कारण गल्लीत कुणाशी बोलणंच उरलेलं नाही. हॉल घेतल्याने ते बोलणं सुरू होणार आहे का?

सजावटीबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण मी देवनारची आहे. या शहराने १९२७ पासून आपला कचरा आमच्या शेजारी आणून टाकला आहे. आता मोठा वाटा कांजूरमार्गला जातो, तरी देवनारचा डोंगर जागेवरच आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला आणि धूर कित्येक दिवस शहरावर राहिला, आसपासच्या शाळांना सुटी द्यावी लागली. ज्यांच्या घरात लहान मुलं आणि दम्याची म्हातारी माणसं होती, त्यांना ते दिवस अजून आठवतात. त्यामुळे कुणी मला फुग्यांच्या कमानीचा फोटो दाखवून 'किती सुंदर' म्हणतं, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो उद्या सकाळचा. ही कमान उद्या कुठे असेल? चकचकीत फॉइलच्या फुग्याला भंगारात किंमत नाही. सोनेरी झिरमिळ्यांचा पडदा दुसऱ्यांदा कुणी लावत नाही. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या बंदीत फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि सजावटीचा थर्माकोल ही नावंच लिहिलेली आहेत. तरी हे सगळं सर्रास लावलं जातं आणि तीन तासांनी काळ्या पिशवीत जातं. मुलीच्या सुखासाठी उभारलेली कमान दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या दारात जाऊन पडते. ही मुलगी बैंगनवाडीत राहते आणि तिचंही लग्न कधी तरी ठरणार असतं.

झेंडू आणि शेवंती यांनी केळवण सजत नाही, असं कुणी ठरवलं? पहाटे गोवंडीहून हार्बरने कुर्ला, तिथे गाडी बदलून दादर. फूलबाजारात किलोवर फुलं मिळतात. घरातल्या तीन पोरांनी बसून माळा ओवल्या, दाराला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण लावलं, पाटाभोवती रांगोळी, केळीचं पान, समईचा उजेड. गजरे सगळ्यांना, पुरुषांनाही हवे असतील तर. फुलं दुसऱ्या दिवशी कुंड्यांमध्ये गेली, केळीची पानं ओल्या कचऱ्यात गेली. फोटो उत्तम आले. मुलीच्या मैत्रिणींनी ते मिरवले, आणि 'हे कुठल्या डेकोरेटरने केलं' असं विचारणारे फोनही आले. भाड्याच्या मखमली खुर्चीतल्या शंभर नवऱ्या मुली मला एकसारख्या दिसतात. आपल्या आजीच्या पाटावर बसलेली मुलगी दुसऱ्या कुणासारखी दिसत नाही. ज्यांना फोटोचीच काळजी आहे, त्यांनी निदान एवढं पाहावं.

सगळा खर्च, फुलं, जेवण, ओटीची साडी आणि पोळ्या धरून, पंचवीस माणसांसाठी दहा हजारांच्या आत झाला. तो खर्चही एकाने केला नाही. साडी मावशीची, भाजीचे पैसे शेजाऱ्यांनी घेतले नाहीत, चक्का मी आणला. भाचीच्या वडिलांनी त्या दिवशी एक रुपयाही काढला नाही आणि आम्ही तो काढू दिला नसता. ते जेवले, विडा खाल्ला आणि बसल्या जागी त्यांचा डोळा लागला.

राहिले सासरचे. सासरचे काय म्हणतील, या प्रश्नाने महाराष्ट्रातल्या मुलींचं जेवढं नुकसान केलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने केलं असेल. जे सासर केळवणाच्या हॉलवरून मुलीची किंमत करणार असेल, ते उद्या दिवाळसणाच्या ताटावरून करेल, परवा बाळंतपणाच्या दवाखान्यावरून करेल. हे लग्नाआधी कळलं तर फार बरं. २०२५ मध्ये पुण्याच्या एका हुंडाबळीने राज्य हादरलं, आणि त्यानंतर मराठा समाजातल्या जाणत्या लोकांनी बैठका घेऊन लग्नासाठी आचारसंहिता मांडली: माणसं कमी बोलवा, डीजे नको, प्री-वेडिंगचं प्रदर्शन नको. मुलगी मेल्यानंतर का होईना, समाजाला हे दिसलं की दिखाऊ लग्न आणि हुंड्याचा लोभ ही एकाच घरात वाढणारी भावंडं आहेत. हॉलचं केळवण हुंडा नव्हे, मान्य. पण 'पाहुण्यांपुढे कमी पडायला नको' ही भीती दोन्हींकडे एकच आहे. मुलीच्या बापाला ती लग्नाच्या पहिल्या पायरीपासून शिकवली जाते.

आणि साधेपणात कमीपणा असतो, हे कुणाकडून शिकलो आपण? जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिलं सत्यशोधक लग्न लावलं, पुरोहिताशिवाय आणि मोजक्या खर्चात. लग्नापायी माणसाने कुणाच्या दावणीला बांधलं जाऊ नये, मग तो भटजी असो की सावकार, हा विचार या मातीत दीडशे वर्षं जुना आहे. आज सावकाराच्या जागी मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज मंजूर करणारं ॲप आलं आहे, एवढाच बदल.

ज्यांना वाटतं की माणसं कमी झाली की आनंद कमी होतो, त्यांना करोनातला एप्रिल २०२१ आठवतो का? राज्यात लग्नाला फक्त २५ माणसं आणि फक्त दोन तास, नियम मोडला तर ५० हजारांचा दंड. त्या काळात लागलेली लग्नं कच्ची ठरली का? त्या मुलींची केळवणं बंद दाराआड, चार माणसांत, आईच्या हातच्या शिऱ्यावर झाली. त्या मुलींना विचारा, काय लक्षात राहिलं. हॉल नव्हता हे त्या सांगत नाहीत. कोण येऊ शकलं नाही, हे सांगतात. माणसांचीच उणीव जाणवली. मग माणसांना बाजूला सारून हॉल घेण्याचा हा उलटा हट्ट कशासाठी?

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी हॉल घ्यावा की नाही, हे मी ठरवणार नाही. त्यांनी आपल्या पैशाने हवं ते करावं. पण त्यांनी घरच्या केळवणाला 'साधंच' म्हणून आवाज खाली आणू नये, आणि ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी तो आवाज ऐकून बँकेची पायरी चढू नये. घरचं केळवण हे परवडत नाही म्हणून केलेली तडजोड नाही. जे केळवण असायला हवं ते हेच आहे: मुलीवर माया करणाऱ्या माणसाने आपल्या घरात, आपल्या खर्चाने, आपल्या हाताने तिला जेवू घालणं. यातली एकेक गोष्ट काढून टाका, आणि उरेल ती फक्त भाड्याची खोली.

तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होईल. तुमच्या भाचीचं, पुतणीचं, शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं असेल तर तिच्या आईवडिलांना कुठला हॉल ते विचारू नका. त्यांना आपल्या घरी जेवायला बोलवा, तारीख आजच ठरवा. देवनारच्या आसपास राहत असाल आणि पाट, सतरंज्या, मोठी पातेली लागली तर आमच्या सोसायटीत आहेत. मागायला संकोच करू नका.